बंदर चालूच होतं

तात्या, धाकटा गेला. त्यालाही आता काही वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊन तर तीस वर्षं होत आली. तरी ही बातमी तुम्हाला मीच द्यायला हवी असं वाटत राहतं, कारण घरातलं बरंवाईट मुंबईला कळवायचं काम लहानपणापासून माझ्याकडं होतं. आई चुलीपुढं बसून सांगायची आणि मी पोस्टकार्डावर लिहायचो. शेळी व्याली, विहिरीला पाणी कमी आहे, धाकट्याला गोवर आलाय पण आता उतार आहे. हे शेवटचं ती मुद्दाम घालायला लावायची, उतार असो की नसो. म्हणायची, "तितं त्यांच्या डोक्यावर जहाजाचा माल आसतुया, उगं घोर लावायचा न्हाय." त्यामुळं तुम्हाला खरंखुरं लिहायची मला सवयच लागली नाही. आज तेच करायला बसलोय.

रजेवर गावी आलोय. गाव म्हणजे जुनं गाव नव्हे, ते उजनीच्या पाण्याखाली गेलं ते गेलंच. जमीन बुडाली म्हणून तुम्ही मुंबईच्या गोदीत गेलात, आणि गोदीतल्या पगारावर बदल्यात मिळालेली ही इंदापूरकडची खडकाळ जमीन माणसात आणलीत. त्या जमिनीवर बांधलेल्या घराच्या स्वयंपाकघरात मी बसलोय. चूल जाऊन कधीच गॅस आला. तुम्ही पाठ टेकून बसायचात त्या कोपऱ्यात आता पिठाचा डबा असतो. धाकट्याची बायको मागं केळीला पाणी धरायला गेलीय, आणि ती यायच्या आत मला हे लिहून संपवायचंय.

याच कोपऱ्यात तुम्ही आम्हाला गोदीतल्या खुणा शिकवल्या होत्या. तुम्ही सिग्नलवाले होतात. जहाजाच्या पोटात खाली काम करणारी माणसं वर माल उचलणाऱ्या विंचवाल्याला दिसत नाहीत, म्हणून मधे कठड्याशी उभं राहून हातानं सांगायचं, हे तुमचं काम. सुट्टीत आलात की जेवण झाल्यावर धाकटा हट्ट धरतो. तुम्ही बोट वर करून गोल फिरवता, म्हणजे उचल. तळहात खाली दाबता, म्हणजे सोड, सावकाश. मूठ मिटता, म्हणजे आहे तिथं थांब. धाकटा आईची घागर दोरीला बांधून आढ्यावरून टांगतो आणि तुमच्या हाताकडं बघत वरखाली करतो. आई ओरडते, घागरीला पोचा पडल. तुम्ही मूठ मिटता आणि घागर अधांतरी थांबते. धाकट्याची जीभ दातांत, दोरी धरलेले हात थरथरतायत, पण तो सोडत नाही. तुम्ही मुद्दाम मूठ उघडत नाही. शेवटी आईच हसते. त्याच सुट्टीत तुम्ही एका परदेशी जहाजावरच्या आचाऱ्यानं दिलेला जाड लोकरी स्वेटर आणला होता. तो मला येईना, धाकट्याला गुडघ्यापर्यंत आला. अंगाला बरोबर होईपर्यंत त्यानं तो वापरला आणि नंतर कोपरे फाटेपर्यंतही, पहाटे उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जाताना.

मी मोठा झालो तोवर गोदीतली भरती थांबली होती. खाडीपलीकडं नवं बंदर झालं होतं, सगळं कंटेनरचं. मी तिथं ट्रेलरवर लागलो. तुम्ही तेव्हा घरी बसला होतात. गंधक आणि सिमेंटची पोती तुमच्यासमोर वर्षानुवर्षं उतरली होती आणि ती धूळ छातीत बसली होती. चार पावलं चाललात की थांबायचात. मी पहिल्या दिवाळीला आलो आणि फुशारकीनं सांगायला लागलो, की आमच्याकडं सगळं घड्याळावर चालतं. पाळी संपली की संपली. परवाच भोंगा झाला तेव्हा माझ्या ट्रेलरवर कंटेनरचा डबा उतरत होता, मी खुशाल खाली उतरून चालायला लागलो, म्हटलं पुढचा बघंल. तुम्ही भाकरीचा घास हातातच धरून ठेवलात.

"हुकावर माल हुता?" तुम्ही विचारलंत.

"हुता."

"मग भोंगा कुणासाठी वाजला?"

तुम्हाला पुढचं एका दमात बोलता येईना. श्वास घेत घेत म्हणालात, "खाली माणसं आसत्यात. माल टेकल्याबिगार... कुणी कुठं जात न्हाय. बाप मेला तरी... टेकवून जायाचं." आई म्हणाली, सणासुदीचं काय बोलताय. तुम्ही तो घास खाल्लात आणि नंतर त्या विषयावर कधीच बोलला नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी त्या दिवशी पाळीवर होतो. माल टेकवूनच निघालो होतो, तात्या, पण ते तुम्हाला सांगायला पोचलो नाही.

पुढं मी क्रेनवर गेलो. धक्क्यावर उभी असते ती उंच क्रेन. पायाखाली काच, काचेतून खाली जहाज. धाकट्यानं शेती धरली. ऊस कमी करून केळी लावली, आणि एक दिवस फोन करून म्हणाला, "दादा, आपली केळी आता तुझ्या बंदरातनं आखातात जात्यात. थंड डब्यात. तू उचलशील तवा जरा हळू उचल." त्यानंतर थंड कंटेनर हुकाला लागला की मला दर वेळी वाटायचं, हा आपलाच.

मग तो रोग आला. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही प्लेगच्या गोष्टी तुमच्या आजीकडून ऐकल्या होत्या, माणसं गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिली ती. तसंच समजा, फक्त या वेळी सगळ्या जगानं एकदमच दारं लावून घेतली. रेल्वे बंद, एसटी बंद, बाजार बंद. बंदर मात्र बंद करता येत नाही. समुद्रात निघालेली जहाजं येतच राहतात. औषधं, डाळी, तेल, सगळं त्यातच असतं. आम्हाला सांगण्यात आलं की तुमचं काम अत्यावश्यक आहे. पहिल्या आठवड्यात ऐकायला बरं वाटलं. पण अर्धी माणसं आपापल्या मुलखाला चालत निघून गेली होती. ट्रेलरवाले गायब होते, कारण रस्त्यावर ढाबा नाही, पंक्चर काढणारा नाही, आणि गावात गेलं तर गाव आत घेत नाही. कारखाने बंद म्हणून आलेले डबे उचलायला कुणी येईना. आवारात डब्यांवर डबे चढत गेले. मधल्या वाटासुद्धा भरल्या. वरून बघितलं की एक बिनमाणसांचं शहर दिसायचं.

हळूहळू आम्ही त्यातच काम करायला शिकलो. टोळ्या बांधून दिल्या. हीच माणसं, हीच पाळी, दुसऱ्या टोळीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. म्हणजे एकाला रोग झाला तर एकच टोळी बसेल, बंदर बसणार नाही. घरी जाणंच बंद केलं, प्रशिक्षणाच्या हॉलमधे लांब लांब खाटा टाकल्या. लिफ्टमधे एकट्यानं चढायचं. केबिनमधे बसण्याआधी खुर्ची, दांडे, काच, सगळं पुसायचं, उतरताना पुन्हा पुसायचं. कागद हातोहात जाणं थांबलं, डब्याचा नंबर लांबून फोटो काढून पाठवायचा. फाटकाशी आमच्या कॅन्टीनवाल्यांनी ट्रेलरवाल्यांसाठी भात-आमटी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं थोडे ट्रेलर परत आले. आणि जहाजावरची माणसं तर खाली उतरूच शकत नव्हती. त्यांची मुदत संपून गेली तरी त्यांना घरी न्यायला विमान नव्हतं. एका जहाजावरचा खलाशी रोज कठड्याशी येऊन आमच्याकडं नुसता बघत उभा राहायचा. तेच जहाज काही महिन्यांनी परत आलं तेव्हाही तोच होता. दाढी वाढलेली.

तोंडावर मास्क असल्यानं वॉकीटॉकीवर अर्धे शब्द कळायचे नाहीत. माझ्या टोळीचा मुकादम कोकणातला, माझ्याहून वयानं मोठा, निवृत्तीला आलेला. त्यानं एक दिवस वैतागून वॉकीटॉकी खिशात घातला आणि हात वर करून बोट गोल फिरवलं. मला पटकन कळलं. त्यानंतर आम्ही बरंचसं काम हातांवरच केलं. नवी पोरं बघत राहायची, तीही शिकली. जहाजावरचे परदेशी लोकही त्याच खुणा करायचे. मला तेव्हा तुमची फार आठवण यायची, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

त्याच उन्हाळ्यात धाकट्याची केळी कापणीला आली. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. धाकटा मला विचारायचा, "दादा, तुझ्याकडं जहाजं लागत्यात का?" मी म्हणायचो, लागतायत. "मग आपला डबा का न्हाय लागत?" मी सांगायचो की थंड डब्यांना विजेची जागा लागते, ती सगळी भरलीय, आधीचेच उचलले जात नाहीत. त्याला पटायचं नाही. धाकट्याच्या दृष्टीनं बंदर म्हणजे मी. शेवटी घड पिकायला लागले तेव्हा त्यानं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि भिगवणच्या हायवेला नेऊन उभी केली. पुण्याकडून माणसं चालत निघाली होती, बायकापोरांसकट, सोलापूरच्या दिशेनं, पुढं कुठं कुठं. धाकटा आणि त्याची बायको दिवसभर तिथं उभं राहून फण्या वाटत होते. पोलिसानं हटकलं तर म्हणाला, "सायेब, विकत न्हाय, वाटतुया." पोलिसानंही दोन फण्या नेल्या. मला फोनवर हे सांगताना तो हसत होता. म्हणाला, "तुझ्या जहाजात जाऊन कोण खाणार ते दिसलं तरी नसतं."

पुढच्या वर्षी रोग परत आला, आणि या वेळी गावोगाव शिरला. आधी धाकट्याची बायको आजारी पडली, ती उठली. मग तो पडला. चार दिवस त्यानं अंगावर काढलं, मग त्याला बारामतीला नेलं. खाट मिळेपर्यंत तो रिक्षात बसून होता. त्याच आठवड्यात आमच्याकडं एक जहाज लागणार होतं, त्यावर ऑक्सिजनच्या मोठ्या टाक्या होत्या, परदेशातून पाठवलेल्या. बाकीची जहाजं समुद्रात थांबवून त्याला आधी आत घेतलं. साहेबांनी सकाळीच सांगितलं, की हा माल नाही, ही माणसं आहेत असं समजून उतरवा. त्या दिवशी तीन टोळ्या आजारी होत्या. आमच्या टोळीत क्रेनवाला मी एकटा.

माझा फोन खाली मुकादमाकडं असायचा, वर न्यायची परवानगी नव्हती. तिसरी टाकी हवेत होती तेव्हा मुकादमानं खालून मूठ मिटली. मी थांबवलं. काहीतरी चुकलंय असं वाटून काचेतून बघितलं, तर तो फोन कानाला लावून उभा होता. मग वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, मास्क खाली ओढून अगदी स्पष्ट बोलला, "तुमच्या भावाची बायको आहे. म्हणते, दम लागतोय, डॉक्टर म्हणतात जवळच्या माणसांना बोलवा. तुम्ही उतरा. मी बघतो काय करायचं ते."

बघण्यासारखं काही नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "त्यांना सांगा, निघतोय. टाक्या टेकवून निघतोय." मग त्यानं तळहात खाली दाबला, सावकाश. मी टाकी सोडली. मग पुढची. हात कापत नव्हते, तात्या. ते काम मी इतकी वर्षं केलं होतं की हात आपोआप चालत होते, आणि मला त्या हातांचा राग येत होता. दुपार टळली तेव्हा शेवटची टाकी ट्रेलरवर टेकली. मुकादमानं माझी पिशवी भरून ठेवली होती. केळी आणायला इंदापूरकडं निघालेला एक रिकामा थंड डबा फाटकाशी थांबवून ठेवला होता, त्या ट्रेलरवाल्याशेजारी मला बसवलं. मुकादमानं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, तीही दोन बोटांनी, लांबून.

उजाडताना ट्रेलरवाल्यानं मला भिगवणला उतरवलं. हॉटेलं बंद, मासळीचे गाळे बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नव्हती. धाकट्याचा मित्र मोटारसायकल घेऊन आला होता. बारामतीच्या दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. धाकट्याची बायको फाटकाबाहेर लिंबाखाली सतरंजीवर बसलेली होती, आजूबाजूला तशाच बसलेल्या आणखी कितीतरी बायका. ती उठली नाही. म्हणाली, "भावजी, हाय अजून. फोन लावा."

तिच्याच फोनवरून लावला, हाक मारली. आधी नुसता सूं सूं आवाज. मग तो बोलला.

"दादा, तू हितं कसा?"

"आलो."

"क्रेनवर कोण हाय?"

"आहे कुणीतरी. तू बोलू नको, दमशील."

"कुणीतरी कसा? तुमच्यात दुसऱ्या टोळीचा बसवत न्हाईत म्हणलावतास." मग बराच वेळ फक्त श्वास. "जहाज मोकळं झालं?"

"झालं."

"मग बरं झालं." पुन्हा श्वास. "केळीची पिलं काढायची ऱ्हायल्यात. वरच्या अंगाची. लई माजल्यात."

तुम्हाला वाटेल की ऑक्सिजन मिळाला नाही म्हणून तो गेला. तसं झालं नाही. त्याला ऑक्सिजन होता, शेवटपर्यंत होता. छातीच तो घेईना. मला तुमची छाती आठवत होती, कोपऱ्यात बसून वरखाली होणारी. दवाखान्याबाहेर नुसतं बसवेना म्हणून मी दुसऱ्या दिवशी गावी आलो, विळा घेतला आणि केळीच्या वरच्या अंगात शिरलो. पिलं म्हणजे मोठ्या झाडाच्या बुडातून फुटलेले कोंब, ते काढले नाहीत तर घड पोसत नाही. दिवसभर कापत होतो. त्याला फोन लावला, की काढली. त्यानं उचलला नाही. नर्सनं सांगितलं, त्यांना नळी घातलीय, आता बोलता यायचं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. नगरपालिकेच्या माणसांनीच सगळं केलं. आम्ही लांब उभे होतो, मी, त्याची बायको आणि तो मित्र. पांढरे सूट घातलेली ती चार माणसं त्याला उचलत होती तेव्हा त्यांच्यातला एक हातानं दुसऱ्याला खूण करत होता, हळू, हळू. मी त्याचे हातच बघत राहिलो. राख उजनीच्या पाण्यात सोडली, जिथं आपलं जुनं गाव असेल असं आम्ही धरून चाललो तिथं.

बंदरात परत गेल्यावर पंधरा दिवस एका खोलीत एकटा होतो. बाहेर आलो तेव्हा कळलं की मुकादमानं माझ्या जागी दुसऱ्या टोळीचा माणूस घेतलाच नाही. टोळी तोवर आवारातल्या दुसऱ्या कामावर राहिली, डबे बांधायचं, सोडायचं, हाडं मोडणारं काम. म्हातारपणी तोही डब्यांवर चढत होता. मी विचारलं, तर एवढंच म्हणाला, "टोळी फोडली असती तर परत जुळली नसती." आमच्या बंदरातलीही माणसं त्या साथीत गेली. त्यांच्यासाठी पाळी सुरू होण्याआधी आम्ही टोप्या काढून थोडा वेळ उभं राहायचो. मग चढायचं. जहाज लागलेलं असायचं.

काल संध्याकाळी धाकट्याची बायको केळीच्या फण्या धूत होती. आता सगळं तीच बघते. व्यापाऱ्याशी तीच बोलते, डबा भरताना तीच उभी राहते. हात न थांबवता तिनं विचारलं, "भावजी, तुमी त्या दिशी फोन आल्याबरूबर निगाला आसता, तर काय फरक पडला आसता का?"

मी म्हटलं, "नाही."

"मलाबी तसंच वाटतं," ती म्हणाली. "पर इचारावं वाटलं." आणि पुढची फणी पाण्यात घातली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं इतकी वर्षं हा प्रश्न जवळ ठेवला आणि मी बरा दिसतोय असं बघून विचारला.

तेव्हापासून मी तुमच्याशी बोलतोय. माल टेकवून जायाचं, हे तुमचं म्हणणं खरंच होतं. त्या टाक्या कुठल्या कुठल्या गावांना गेल्या, त्यातून कुणी ना कुणी उठून घरी गेलं असेल, तेही मी धरतो. पण तुम्ही एक सांगितलं नाहीत, की टेकवल्यानंतर माणसानं घरी कुठल्या तोंडानं शिरायचं. तुम्हाला ते ठाऊक होतं का? की म्हणूनच सुट्टीत आलात की पहिला दिवसभर तुम्ही कुणाशी बोलायचा नाहीत, आणि आई आम्हाला म्हणायची, ऱ्हाऊ द्या त्यास्नी?

धाकट्याची बायको येताना दिसतेय. हे कुठं टाकायचं नाही, हे लिहिताना ठाऊकच होतं. तिला दिसायच्या आत घडी घालून ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं. वर मी तुमची म्हणून जी वाक्यं लिहिलीत, ती तुमचीच आहेत, शब्द मला पाठ आहेत. पण तुमचा आवाज मला आठवत नाही, तात्या. बऱ्याच वर्षांपासून आठवत नाही. लिहिताना सगळं मला धाकट्याच्या आवाजात ऐकू येत होतं.